लालबीनं कमी केलेलं वजन

लालबी मणेर डॉक्टरचं ऐकत नाही, असं मुरुममध्ये कुणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे. डॉक्टरांनी तिला दहा किलो वजन कमी करायला सांगितलं होतं, तिनं साडेदहा किलो कमी केलं. तेही दिलेल्या मुदतीत आणि एका शब्दाची कुरकुर न करता. आता ते वजन भलत्याच ठिकाणचं कमी झालं, हा भाग निराळा. पण तिच्या प्रामाणिकपणात कसर नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

लालबी मूळची सास्तूरची. भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, माहेर अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत असतानाच तिचं लग्न झालं आणि ती मुरुमला जैनोद्दीनच्या घरी आली. घर मणेरांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा. जैनोद्दीन बाजारात गाडा लावायचा आणि त्याची आई गावं करायची. गावं करायची म्हणजे खांद्यावर बांगड्यांचा मलार टाकायचा आणि ठरलेल्या गावांत घरोघर जाऊन बायकांच्या हातांत बांगड्या भरायच्या. मलार हा शब्द कानडी मुलखातून इकडं आलेला. दोरीत ओवलेले बांगड्यांचे जुडगे आणि त्यांचं कापडी गाठोडं, असं सगळं मिळून मलार.

सासूनं डोळे मिटायच्या आधी सुनेच्या हवाली सात गावं केली. केसरजवळगा, आलूर, बेळंब आणि त्यांच्या आसपासची चार. त्याचा कुठं कागद नाही की शिक्का नाही, पण त्या सात गावांत दुसरी मणेरीण मलार उतरवत नसे. लालबीला अंगावरच्या दागिन्यांपेक्षा ही गावं प्यारी होती. कुठल्या घरात कुणाचं माप काय, कुणाला काळपट हिरवा आवडतो आणि कुणाला पोपटी, कुणाची सासू बांगड्यांची निवड स्वतः करते, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. समोरच्या बाईचा हात एकदा हातात घेतला की तिला माप विचारावं लागत नसे. कुणी फुशारकीनं "दोन-चारच्या द्या" म्हणालं तर ती नुसती हसायची आणि एका मापानं मोठा, दोन-सहाचा जुडगा सोडायची.

तिचा हात मऊ होता, गुबगुबीत होता, आणि त्याचं गावोगाव कौतुक होतं. हाडकुळ्या हाताची मणेरीण चिमटे काढते, भरल्या हाताची मणेरीण न दुखवता बांगडी चढवते, अशी आमच्या भागातल्या बायकांची पक्की समजूत आहे. त्यामुळं लालबी वर्षागणिक रुंदावत गेली, तरी कुणाला ते खटकलं नाही. उलट "लालबीनं चांगलं अंग धरलंय" असं कौतुकानंच बोललं जायचं.

आणि अंग धरणार नाही तर काय होईल? एका गावात बारा-पंधरा घरं. प्रत्येक घरात मणेरणीला बसायला पाट आणि हातात कपबशी. चहा म्हणजे काय, साखरेचा पाकच. नको म्हटलं की घरधनीण नाराज. "आमच्या घरचा चालत न्हाय व्हय?" असं कुणी विचारलं की लालबीची जीभ टाळ्याला चिकटायची. हिंदूंच्या घरात मुसलमान बाईनं चहा नाकारणं आणि लिंगायतांच्या घरात लाडू नाकारणं, दोन्ही तिला जमणारं नव्हतं. पंचमीला उंडे, पोळ्याला पुरणपोळी, लग्नघरी बुंदी. तीस वर्षं ती सात गावांचा मान राखत आली, आणि तो सगळा मान तिच्या कमरेवर आणि पोटावर येऊन बसला. उंची पाच फूट आणि वजन शहाऐंशी किलो.

दुखणं मात्र पोटाचं नव्हतं. दहा वर्षांपासून तिच्या कोपरांवर पांढरट खपल्यांचे चट्टे होते. नायटा समजून ती त्यावर मिळेल ते मलम चोळत असे आणि लांब बाह्यांचा झंपर घालत असे. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले, तेव्हा तिनं मेंदी लावायला सुरुवात केली. मग एका हिवाळ्यात उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. सांध्याशी नव्हे, तर मुळापासून टोकापर्यंत अख्खं बोट फुगलं. मागून डाव्या हाताची दोन बोटंही तशीच सुजली. सकाळी उठल्यावर मूठ वळायला तास-दीड तास लागू लागला. टाच अशी ठणकायची की अंथरुणातून पहिलं पाऊल टाकताना तिच्या तोंडून "या अल्ला" निघायचं. "वात आहे, वयानं येतो," असं जैनोद्दीन म्हणायचा. तो स्वतः तिच्याहून सात वर्षांनी मोठा होता आणि त्याला असलं काहीच नव्हतं, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नसावी.

केसरजवळग्यात एका नव्या सुनेला चुडा भरताना जे व्हायचं ते झालं. हात पोरीचा नाजूक, माप बरोबर, पण लालबीच्या सुजलेल्या बोटांना बांगडीची कड नीट जाणवेना. दाब चुकला आणि एकापाठोपाठ तीन बांगड्या वाढल्या. आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण शब्द कितीही मऊ वापरला तरी नव्या नवरीच्या मनगटावर रक्त आलंच. लालबीनं पदराच्या टोकानं ते रक्त टिपलं, उरलेल्या बांगड्या त्या पोरीशेजारी बसलेल्या तिच्या थोरल्या जावेकडून भरून घेतल्या आणि घरी येऊन ती ढसाढसा रडली. रक्ताचं तिला वाईट वाटलंच, पण त्याहून मोठी भीती निराळी होती. हात गेले की गावं गेली, आणि गावं गेली की लालबी कोण उरणार होती?

दुसऱ्याच आठवड्यात जैनोद्दीन तिला उमरग्याला घेऊन गेला. तिथं महिन्यातून दोनदा डॉक्टर महांतेश म्हणून सांध्यांचे डॉक्टर येत. बाहेर बाकांवर पन्नास माणसं, त्यामुळं डॉक्टर भरभर बोलत. त्यांनी बोटं पाहिली, नखं पाहिली, बाही वर करायला लावून कोपर पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, हा नायटा नाही, सोरायसिस आहे. आणि हा साधा वातही नाही. जे कातडीवर दिसतंय, तेच आत सांध्यांत चाललंय."

"कुनाच्या हाताला लागत न्हाय ना?" लालबीनं आधी तेच विचारलं. "म्या बांगड्या भरते. दिसभर बायकांचे हात हातात असतात माझ्या."

"कुणाला लागत नाही. अजिबात नाही." तिनं ते दोनदा वदवून घेतलं.

"ओझं उचलता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय की. मलार असतो खांद्यावर."

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहिली. ती शुक्रवारी घ्यायची असं ठरलं, म्हणजे नमाजाच्या दिवशी विसर पडायला नको. मग पुढच्या पेशंटला आत बोलावता बोलावता ते म्हणाले, "आणि वजन कमी करायचं. दहा किलो तरी. सांध्यांवर ताण येतो, औषधही नीट लागू पडत नाही."

"धा किलो? एकदम?"

"एकदम नको, हळूहळू. चार महिन्यांनी या, तोवर."

"आन् धंदा?"

"धंदा करा की! वजन उतरलं की उलट जोमानं कराल."

दोघं नवरा-बायको बसमध्ये बसली. मग जैनोद्दीन म्हणाला, "डाक्टर हुशार है. मलार कितीचा असंल आपला?"

तो तेवीस किलोचा भरला. गौरीशंकरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर, जिथं ज्वारीची पोती तोलतात, तिथं जैनोद्दीननं स्वतः उभा राहून तोलून घेतला. पहिल्या महिन्यात लालबीनं पितळी आणि लाखेच्या बांगड्या काढल्या, दुसऱ्या महिन्यात लहान पोरींच्या. मग काचेच्या रंगीत जोड्या गेल्या. दर महिन्याला काट्यावर जायचं, आकडा बघायचा आणि समाधानानं घरी यायचं. शेवटी हिरव्या बांगड्यांच्या जुडग्यांना हात घालायची वेळ आली, तेव्हा तिच्या जिवावर आलं. पण डॉक्टरांनी दहा म्हटलं म्हणजे दहा. जैनोद्दीननं अर्धा किलो वरकड काढला, "डाक्टरला खुश करू" म्हणून.

अर्ध्या मलारात गावं कशी होणार? बेळंबच्या बायकांनी मोरपंखी मागितला, तर तो घरी खाटेखाली. आलूरच्या पाटलिणीला पाटल्या हव्या होत्या, त्याही घरीच. दोन-तीन वेळा असं झाल्यावर बायका बाजारात जाऊन सेट आणू लागल्या. लालबीनं एकामागून एक तीन गावांना जाणं सोडलं. सुटलेल्या गावांच्या दिवशी ती ओसरीत बसून राहायची आणि जैनोद्दीन तिची कीव येऊन बाजारातून भजी आणायचा. बोटं होती तशीच होती.

मे महिन्यात दोघं पुन्हा उमरग्याला गेली. नर्सनं लालबीला काट्यावर उभं केलं आणि अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

डॉक्टर महांतेशांनी तो आकडा पाहिला, तपासणीचे कागद चाळले आणि त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, लिव्हरवर चरबी आहे. मला गोळीचा डोस वाढवायचा होता, पण या लिव्हरला तो झेपणार नाही. मी तुम्हाला दहा किलो वजन कमी करायला सांगितलं होतं ना?"

"केलं की," लालबी म्हणाली.

"कुठं केलं? दोन किलो वाढलंय."

"वाढंल कसं? साडेधा कमी केलंय म्या!" तिचा आवाज चढला. "इचारा यांना."

जैनोद्दीन साक्षीदाराच्या थाटात पुढं झाला. "साहेब, गौरीशंकरच्या काट्यावर माझ्यासमोर तोललंय. तेवीसचं साडेबारा झालंय."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "तेवीस काय होतं?"

"मलार," दोघं एकदम म्हणाली.

नर्सनं तोंडावर रुमाल धरला. डॉक्टरांनाही हसू आलं होतं, पण लालबीचा चेहरा बघून ते त्यांनी गिळलं. तिला आत्ता कळलं होतं. चार महिने तिनं काय केलं, कशापायी तीन गावं सोडली, हे सगळं तिच्या एकदम डोक्यात शिरलं आणि ती संतापली.

"तुमी म्हनला वजन कमी करा. माझं करा म्हनला न्हाईत," ती म्हणाली. "माझी गावं गेली की ओ साहेब."

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाले. "मी गडबडीत बोललो. तुम्ही विचारलंत तेव्हाच मी थांबून सांगायला हवं होतं." मग त्यांनी दारातल्या पेशंटला हातानंच थांबवलं आणि खुर्ची पुढं ओढली.

पण लालबीचं अजून संपलं नव्हतं. "मला एक सांगा. प्वाट मोठं हाय, ते दिसतंय. टाच दुखतीय, ते म्या समजले. पर म्या काय हातावर चालते का? पोटाचा भार बोटांवर कसा येईल?"

डॉक्टरांना हा प्रश्न इतका आवडला की ते जरा सावरून बसले. "भार येतच नाही बोटांवर. ओझं हा अर्धाच भाग आहे मावशी. चरबी नुसती पडून राहत नाही, ती कामाला लागलेली असते. अंगात सूज वाढवणारे रस ती रात्रंदिवस सोडत असते, आणि ते रक्तातून सगळीकडं जातात. बोटांतही. मी गोळीनं चूल विझवायला बघतो आणि ती फुंकणीनं फुंकत राहते. म्हणून गोळी लागू पडत नाही. आठ-नऊ किलो जरी उतरले ना, तरी हेच औषध जास्त काम करेल. आजार जाईल असं मी म्हणणार नाही, तो राहील. पण तुमचे हात तुम्हाला परत मिळतील, असं वाटतंय."

या शेवटच्या वाक्यावर लालबीचा राग ओसरला. घरी येताना ती एकच गोष्ट म्हणाली, "उद्याच्याला मलार भरा सगळा."

मलार भरणं सोपं होतं. खरं वजन कमी करायचं म्हणजे पंधरा घरचा पंधरा वेळचा चहा नाकारायचा, आणि तो कसा नाकारायचा हे काही डॉक्टरांनी लिहून दिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं आलूरला "बिनसाखरेचा द्या" म्हणून पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की लालबीला शुगर झाली, आता काही खरं नाही. बेळंबला एका म्हातारीनं तिच्या गळ्यात पडून रडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

ही अडचण सोडवली केसरजवळग्याच्या उमाबाईनं. उमाबाई म्हणजे लिंगायताचं मोठं खटलं सांभाळणारी, सत्तरीला टेकलेली बाई. लालबी तिला अक्का म्हणायची. लालबीनं तिच्या मुलींचे चुडे भरले होते, सुनांचे भरले होते. त्या दिवशी तिनं अक्काला सगळी हकिकत सांगितली, मलाराच्या वजनासकट. उमाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "आमच्या शिवरंजनीचं लगीन ठरलंय. येत्या चैत्रात, तुझी ईद झाल्यावर. तिची आई म्हनतीय लातूरहून सेट आनू, लालबीच्या हातानं मागं त्या सुनंला लागलं होतं. म्या सांगितलंय, चुडा लालबीच भरंल."

शिवरंजनी म्हणजे उमाबाईची नात. लातूरच्या बँकेत नोकरीला होती. बारशाच्या दिवशी तिच्या एवढ्याशा हातांत काळ्या बांगड्या लालबीनंच घातल्या होत्या.

"अक्का, नगं," लालबी म्हणाली. "नवरीच्या हातात वाढली तर? लोकं मला न्हाय, पोरीच्या नशिबाला बोल लावतील."

"अकरा महिनं हाईत. तवर हात नीट कर."

"चहाचं काय करू? समदे म्हनतात शुगर झाली."

उमाबाईनं पानाला चुना लावला आणि विचार केला. "डाक्टरचं नाव सांगू नको. डाक्टरनं सांगितलेलं लोकं मोडायला लावतात. 'एक कप घे गं, काय व्हतंय' म्हनतात. मन्नत हाय म्हनून सांग. नेम कुनी मोडायला लावत न्हाय. आमच्यातबी न्हाय आन् तुमच्यातबी न्हाय."

युक्ती नामी होती, पण लालबीला एक काटा टोचत राहिला. मन्नत घेतलेली नसताना घेतली म्हणून सांगायचं, हे तिच्या इमानात बसेना. दोन दिवस ती अस्वस्थ होती. तिसऱ्या दिवशी ती गावाबाहेरच्या दर्ग्यात गेली आणि खोटं बोलावं लागू नये म्हणून तिनं खरीच मन्नत घेतली. शिवरंजनीचा चुडा भरेस्तोवर गोड तोंडात घालणार नाही. घरी आल्यावर तिनं जैनोद्दीनला सांगितलं, तेव्हा त्याला वाटलं की बायकोनं मन्नत घेतली म्हणजे आपल्याला तिच्या वाटचंही खायला मिळणार.

पण तो तेवढा वाईट माणूस नव्हता. आठ दिवसांत तोही बिनसाखरेचा चहा प्यायला लागला. पहिला घोट घेताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं, तरी प्यायचा. भजी बंद झाली. भाताच्या जागी ज्वारीची दीड भाकरी, डाळ आणि पालेभाजी आली. टाच दुखत असल्यामुळं आधी लालबीला चालवत नसे. तिनं मऊ तळाची चप्पल घेतली आणि बसथांब्यापासून गावापर्यंत टमटमनं जायचं सोडलं. सुरुवातीला तीनदा बसून जायची. बांधावर बसलेली मणेरीण बघून शेतातल्या बायका तिथंच हात पुढं करू लागल्या, हा एक अनपेक्षित फायदा झाला. मलार ती आता एकाच खांद्यावर न घेता दोन पिशव्यांत वाटून नेत होती. सुटलेल्या तीन गावांत ती स्वतः घरोघर जाऊन सांगून आली की लालबी आली बरं का. तिथल्या बायकांनी थोडा रुसवा केला आणि हात पुढं केले.

सगळं सरळ रेषेत गेलं असं मात्र नाही. पावसाळ्यात पाच किलो उतरले आणि दिवाळीच्या सुमाराला काटा जागचा हलेना. त्यातच डाव्या हाताचं बोट पुन्हा टरारून फुगलं. सात गावांतल्या लाडवांकडं पाठ फिरवून हेच मिळणार असेल तर कशाला, असं तिला झालं. त्या दिवशी तिनं गोळ्यांची पट्टी जैनोद्दीनच्या अंगावर फेकली आणि गोधडी डोक्यावर घेऊन पडून राहिली. जैनोद्दीननं पट्टी उचलली, पुसली, फळीवर ठेवली आणि तिच्यासाठी भाकरी थापायला बसला. त्याची भाकरी तीन ठिकाणी फाटली. लालबीनं गोधडीतून डोळा काढून ती बघितली आणि तिला हसू आवरेना.

पुढच्या खेपेला डॉक्टर महांतेश म्हणाले, "काटा थांबला म्हणून आत काही थांबलेलं नाही. हे बघा, लिव्हरवरची चरबी कमी झालीय. आता मला डोस वाढवता येतो." त्यांनी तो वाढवला. थंडी सरता सरता सकाळची बोटं तासाभराऐवजी पंधरा-वीस मिनिटांत उघडू लागली. कोपरावरचे चट्टे फिके पडले. टाचेचा ठणका कमी झाला. ईदच्या दिवशी घरात शीरखुर्मा शिजला, तेव्हा लालबीनं नुसता वास घेतला आणि सगळ्यांना वाढला. त्या आठवड्यात काट्यावर एकोणऐंशी भरले. गौरीशंकरच्या काट्यावर नव्हे, नर्सच्या.

गावात मात्र निराळंच चाललं होतं. "लालबी वाळली" असं बायका हळहळून म्हणत. "हात बघा कसा झालाय, आता चिमटं काढंल," असंही एक-दोघी म्हणाल्या. लालबीला ते लागायचं. खरंच हाताचं लोणी गेलं होतं, शिरा दिसत होत्या. पण त्या हाताला आता बांगडीची कड जाणवत होती. ते बोलून पटवायचं तरी कसं? ते चुड्याच्या दिवशीच काय ते दिसणार होतं, आणि त्या विचारानं तिचा जीव वर-खाली व्हायचा.

चुडा भरायचा मुहूर्त लिंगायतांच्या स्वामींनी सकाळी सातचा काढला होता. उमाबाईनं तो सरळ फिरवला. "सात वाजता आमच्या मणेरणीची बोटं उठत न्हाईत, अकराचा बघा," म्हणाली. स्वामींनी पंचांग पुन्हा उघडलं आणि त्यांना अकराचाही सापडला.

अकरा वाजता उमाबाईच्या घराचा पुढचा सोपा बायकांनी भरला होता. शिवरंजनी पाटावर बसली. तिची आई बाजूलाच उभी होती, डोळे लालबीच्या बोटांवर. कोपऱ्यात लातूरहून आणलेल्या सेटचा डबा होता, न जाणो म्हणून ठेवलेला. लालबीला तो दिसला. तिनं बिस्मिल्ला म्हटलं, साबणाच्या पाण्यात हात बुडवला आणि शिवरंजनीचा उजवा हात हातात घेतला. माप दोन-चार, पण अंगठ्याशी हाड जरा रुंद. अंगठा तळव्यात दुमडून, चारी बोटं एकत्र दाबून तिनं पहिली बांगडी चढवली. मग दुसरी. उजव्या हातातल्या दहाही भरल्या, तेव्हा शिवरंजनीच्या आईनं सुस्कारा सोडला. डाव्या हातात एक जास्त. तिथंही बांगड्या एकेक करत चढल्या, आणि अकरावी अंगठ्याच्या हाडाशी अडली.

तोवर लालबीच्या मधल्या बोटात कळ सुरू झाली होती. जुनी, ओळखीची कळ. बांगडी पुढं जाईना, मागं येईना. लालबीनं ओठ दाबले. शिवरंजनीचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता आणि तिनं ते पाहिलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "दुखतंय का?"

लालबी थांबली. तीस वर्षांत हा प्रश्न तिनं किती हातांना विचारला असेल, याची गणती नव्हती. तो विचारणं मणेरणीचं काम. बांगडीच्या आतल्या हातानं बाहेरच्या हाताला तो आजवर कधी विचारला नव्हता. तिचे डोळे भरून आले. नाही म्हणावं असं आधी तिच्या ओठांवर आलं, पण ते तिनं म्हटलं नाही.

"दुखतंय की गं," ती म्हणाली. "पर आता सोसंल येवढंच. तू हात ढिला सोड."

शिवरंजनीनं हात ढिला सोडला, लालबीनं बोटानं कड चाचपली, आणि ती शेवटची बांगडी हाडावरून अलगद उतरून आधीच्या दहा बांगड्यांना जाऊन भिडली.